फीवरचा जीएसटी: सेवा देणाऱ्या व्यावसायिकांसाठी नोंदणीपासून विवरणपत्रापर्यंत

दुकानदाराचा माल डोळ्यांना दिसतो. तो गोदामातून निघतो, टेम्पोत चढतो, ग्राहकाच्या दारात उतरतो. आर्किटेक्ट, सल्लागार, डिझायनर, सीए, अनुवादक, सॉफ्टवेअर करणारे यांच्या कामाचं तसं नसतं. काम कधी संपलं, कुठे झालं आणि नेमकं कोणासाठी झालं हे सगळं कागदावर ठरतं आणि त्या कागदावरून कर ठरतो. म्हणून माझं ठाम मत आहे की सेवेवरच्या जीएसटीचे निम्मे प्रश्न काम आणि फी ठरवणारं पहिलं पत्र ग्राहकाला लिहिताना सोडवायचे असतात. बिल करायला बसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो.

१ जुलै २०१७ पर्यंत सेवांवर केंद्राचा सेवाकर आणि वस्तूंवर राज्याचा व्हॅट अशी विभागणी होती. शेवटी शेवटी सेवाकर दोन उपकर धरून १५ टक्के होता. जीएसटीने दोन्ही एका छत्राखाली आणले. नाव वेगळं असलं तरी हा मूल्यवर्धित करच आहे आणि बहुतेक व्यावसायिक सेवांवर त्याचा दर १८ टक्के आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये दरांचे टप्पे बदलले, तेव्हाही हा दर तसाच राहिला.

पायरी १: कर नेमका कशावर, ते आकड्यांत पाहा

एका डिझायनरने महिन्यात दीड लाखाची बिलं केली. त्यावर २७,००० रुपये कर ग्राहकांकडून घेतला. त्याच महिन्यात तिने ८०,००० चा लॅपटॉप घेतला, त्यावर १४,४०० कर भरला. सामायिक ऑफिसमधल्या जागेचं भाडं १०,०००, त्यावर १,८००. म्हणजे तिने आधीच १६,२०० रुपये कर दिलेला आहे. सरकारकडे भरायचे २७,००० वजा १६,२००, म्हणजे १०,८०० रुपये.

ग्राहकाकडून घेतलेला कर तुमचं उत्पन्न नाही आणि खरेदीवर दिलेला कर, नियमांत बसत असेल तर, तुमचा खर्च नाही. या कराची रक्कम पहिल्या दिवसापासून वेगळ्या बँक खात्यात ठेवा. कायदा तशी सक्ती करत नाही, पण दर महिन्याच्या वीस तारखेला कर भरताना पैसे शोधायची वेळ येत नाही.

पायरी २: तुमची सेवा करपात्र आहे का?

"मी व्यावसायिक आहे, म्हणजे १८ टक्के" असा सरसकट हिशेब चालत नाही.

डॉक्टर आणि निमवैद्यकीय व्यावसायिकांच्या उपचारसेवा करमुक्त आहेत. मात्र केवळ सौंदर्यासाठी केलेली शस्त्रक्रिया किंवा केसांचं प्रत्यारोपण त्यात बसत नाही; जन्मजात व्यंग, अपघात किंवा इजा यांमुळे बिघडलेलं शरीर पूर्ववत करण्यासाठी ते केलं असेल तरच सूट मिळते. पशुवैद्यकीय दवाखान्याच्या सेवाही करमुक्त आहेत. शाळा-कॉलेजचं शिक्षण करमुक्त, पण खासगी शिकवणीवर १८ टक्के. नोकरीतला पगार तर कराच्या कक्षेतच येत नाही. पण तेच काम "कन्सल्टंट" म्हणून, दरमहा बिल देऊन केलं की येतो. बऱ्याच कंपन्या हल्ली याच पद्धतीने माणसं घेतात, तेव्हा सही करण्याआधी करारात "कर्मचारी" लिहिलंय की "सल्लागार" हे नीट वाचा.

वकिलांची व्यवस्था निराळी आहे. सामान्य माणसाला किंवा नोंदणीच्या मर्यादेखालच्या व्यवसायाला दिलेली वकिली सेवा करमुक्त आहे. मर्यादेवरच्या व्यवसायाला दिली, तर कर लागतो, पण तो वकिलाने नाही, त्या ग्राहकाने भरायचा. सगळी कमाई अशाच कामातून असेल, तर वकिलाला नोंदणीचीही गरज नाही. सीए आणि कंपनी सेक्रेटरी यांना मात्र ही सवलत नाही.

आपल्या सेवेचा सॅक कोड, म्हणजे बिलावर लिहायचा सेवेच्या प्रकाराचा क्रमांक, हाही इथेच शोधून ठेवा. कायदा आणि लेखा सेवा ९९८२ खाली येतात, तर व्यवस्थापन सल्ला, माहिती तंत्रज्ञान, वास्तुरचना, डिझाइन अशा सेवा ९९८३ खाली.

पायरी ३: नोंदणी कधी करायची

फक्त सेवा देणाऱ्यांसाठी मर्यादा आर्थिक वर्षात २० लाख रुपये उलाढालीची आहे. मणिपूर, मिझोराम, नागालँड आणि त्रिपुरा या राज्यांत ती १० लाख आहे. ४० लाखांचा जो आकडा ऐकू येतो तो फक्त वस्तू विकणाऱ्यांसाठी आहे. दुसऱ्या राज्यातल्या ग्राहकाला सेवा दिली की लगेच नोंदणी लागते, हा समजही अजून ऐकू येतो. ऑक्टोबर २०१७ पासून सेवांना त्यातून सूट आहे. आंतरराज्य काम असलं तरी २० लाखांचीच मर्यादा लागू होते.

खरी गफलत उलाढाल मोजताना होते. एका पॅनखालची देशभरातली सगळी उलाढाल एकत्र धरायची असते: करपात्र, करमुक्त, परदेशी, सगळी. नफा मोजायचा नाही, आलेली एकूण फी मोजायची. एका डॉक्टरचं उदाहरण घ्या. दवाखान्याचं उत्पन्न २५ लाख, ते पूर्ण करमुक्त. एवढंच असतं तर नोंदणीचा प्रश्नच नव्हता. पण त्यांनी एक गाळा नोंदणी नसलेल्या दुकानदाराला भाड्याने दिलाय, वर्षाचं भाडं २ लाख. हे भाडं करपात्र आहे. एकूण उलाढाल २७ लाख झाली, म्हणून नोंदणी आली आणि त्या २ लाखांवर कर लावणंही आलं. दवाखान्याची फी करमुक्तच राहते.

मर्यादा ओलांडल्यापासून ३० दिवसांत अर्ज करायचा. वेळेत केला, तर नोंदणी मर्यादा ओलांडलेल्या दिवसापासून लागू होते आणि मधल्या काळातल्या बिलांऐवजी सुधारित बिलं देता येतात. त्यासाठी प्रमाणपत्र मिळाल्यापासून एक महिना मिळतो. उशीर केला तर मधल्या कामांवरचा कर ग्राहकाकडून मागणं अवघड होतं आणि तो खिशातून जातो. दर महिन्याच्या शेवटी एप्रिलपासूनची एकूण फी एका ओळीत लिहून ठेवा. १५ लाखांच्या आसपास पोचलात की कागदपत्रं गोळा करायला घ्या.

मर्यादेखाली असताना स्वेच्छेने नोंदणी करावी का? तुमचे ग्राहक कोण आहेत, एवढंच पाहा. ग्राहक कंपन्या असतील, तर तुम्ही लावलेला कर त्यांना परत वजा मिळतो, त्यांना महाग पडत नाही आणि तुम्हाला लॅपटॉप, सॉफ्टवेअर, भाड्यावरचा कर वजा मिळतो. ग्राहक घर सजवणारी कुटुंबं असतील, तर तुमची फी त्यांच्यासाठी सरळ १८ टक्क्यांनी वाढते. अशा वेळी घाई करू नका. नोंदणी केली की पहिल्या रुपयापासून कर आणि काम नसलं तरी विवरणपत्र. आणि नोंदणी नसताना बिलावर जीएसटी लावणं बेकायदा आहे, मग ग्राहक द्यायला तयार असला तरी.

सेवा देणाऱ्यांसाठी कंपोझिशनचाही, म्हणजे उलाढालीवर सरसकट कमी दराने कर भरण्याचा, पर्याय आहे: ५० लाखांपर्यंत उलाढाल आणि ६ टक्के कर. पण हा कर ग्राहकाकडून वेगळा घेता येत नाही, खरेदीवरचा कर वजा मिळत नाही आणि राज्याबाहेरच्या ग्राहकाला सेवा देता येत नाही. एकाच राज्यात, घरगुती ग्राहकांसाठी, फारसा खर्च नसलेलं काम करणाऱ्याला तो सोयीचा आहे. कंपन्यांसाठी काम करणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

आणखी एक गोंधळ इथेच मिटवू. महाराष्ट्रात व्यावसायिकांना वर्षाला २,५०० रुपये व्यवसाय कर भरावा लागतो. तो १९७५ च्या राज्याच्या कायद्याखालचा आहे आणि जीएसटीशी त्याचा संबंध नाही. एक भरला म्हणून दुसरा माफ होत नाही.

नोंदणी क्रमांक १५ अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७, पुढची दहा अक्षरं पॅनची. ग्राहकाने दिलेला क्रमांक जीएसटीच्या पोर्टलवर तपासल्याशिवाय बिलात टाकू नका. एक अक्षर चुकलं की तुम्ही भरलेला कर ग्राहकाच्या खात्यात दिसत नाही आणि मग तुमचं पेमेंट अडतं. नोंदणी मिळाल्यावर ३० दिवसांत, आणि पहिलं जीएसटीआर-१ (बिलांच्या तपशिलाचं विवरणपत्र) भरण्याआधी, बँक खात्याची माहिती पोर्टलवर द्यायला विसरू नका.

पायरी ४: कामाचं पत्र

या पायरीवर मी सर्वांत जास्त वेळ घालवायला सांगेन.

"फी एक लाख रुपये" एवढंच लिहिलं, तर ग्राहक म्हणू शकतो की कर त्यातच आला. मग एक लाखातून १५,२५४ रुपये कर निघतो आणि तुमच्या हाती उरतात ८४,७४६. "फी १,००,००० अधिक लागू असलेला जीएसटी" हे चार जादा शब्द पंधरा हजार रुपये वाचवतात. "लागू असलेला" हा शब्दप्रयोग मुद्दाम ठेवा. काम लांबलं आणि मधेच तुम्ही २० लाखांची मर्यादा ओलांडली, तर तोच उपयोगी पडतो.

दुसरी गोष्ट प्रवासखर्चाची. तुम्ही तुमच्या नावाने तिकीट काढलं, हॉटेल घेतलं आणि ग्राहकाकडून जसंच्या तसं वसूल केलं, तरी ती रक्कम तुमच्या सेवेच्या मूल्यात धरली जाते आणि त्यावर १८ टक्के लागतात. प्रवासाची व्यवस्था ग्राहकाने स्वतः करायची असं पत्रात आधीच ठरलं असेल, तर हा खर्च तुमच्या बिलात येतच नाही. मला हा दुसरा मार्ग बरा वाटतो. कारण आणखी एक आहे: महाराष्ट्रात नोंदणी असलेल्या माणसाने दिल्लीच्या हॉटेलात दिलेला कर दिल्लीचा असतो, तो महाराष्ट्रातल्या कराविरुद्ध वजा होत नाही.

ग्राहकाच्या वतीने भरलेले पैसे मात्र वेगळे. आर्किटेक्टने महापालिकेची छाननी फी भरली, सीएने कंपनी नोंदणीची सरकारी फी भरली, तर ती रक्कम मूल्यातून वगळता येते. त्यासाठी ग्राहकाने तसं करायला सांगितलेलं असावं, ही तुमच्या स्वतःच्या सेवेपेक्षा वेगळी बाब असावी, बिलात ती स्वतंत्र ओळीत असावी आणि जेवढी भरली तेवढीच वसूल केलेली असावी. वर शंभर रुपये ठेवले की सवलत गेली. पावती ग्राहकाच्या नावाची घ्या.

तिसरी गोष्ट टप्प्यांची. काम सहा महिने चालणार असेल, तर "आराखडा मंजूर झाल्यावर ३० टक्के" अशा टप्प्यांत फी बांधा. सलग चालणाऱ्या सेवेत पैसे देण्याची तारीख करारात असेल, तर बिल त्या तारखेपर्यंत करायचं. टप्पा पूर्ण होण्यावर रक्कम बांधली असेल, तर टप्पा पूर्ण होईपर्यंत. म्हणजे कर कधी लागणार हे तुमच्या शब्दांवरून ठरतं. उशिरा पैसे दिल्यास व्याज, असंही लिहा. मात्र ते व्याज मिळालं की त्यावरही कर लागतो हे ध्यानात असू द्या.

पायरी ५: ग्राहक कुठे आहे

तुमची नोंदणी आणि पुरवठ्याचं ठिकाण, म्हणजे सेवा जिथे दिली असं कायदा धरतो ते, एकाच राज्यात असतील, तर ९ टक्के केंद्राचा आणि ९ टक्के राज्याचा. वेगवेगळ्या राज्यांत असतील, तर १८ टक्के एकात्मिक कर, म्हणजे आयजीएसटी. रक्कम सारखीच, पण खातं वेगळं.

हे ठिकाण ठरवताना नोंदणीकृत ग्राहक असेल तर त्याच्या नोंदणीचं राज्य पाहायचं. नोंदणी नसलेला ग्राहक असेल तर तुमच्याकडे नोंदवलेला त्याचा पत्ता. पत्ताच नसेल तर तुमचं स्वतःचं राज्य. म्हणून घरगुती ग्राहकाचाही पत्ता घ्या.

आर्किटेक्ट, इंटिरियर डिझायनर, सर्व्हेअर आणि स्ट्रक्चरल इंजिनियर यांना इथे अपवाद आहे. त्यांची सेवा जमिनीशी किंवा इमारतीशी जोडलेली असते, म्हणून ठिकाण ठरतं ते त्या वास्तूवरून. पुण्यातल्या आर्किटेक्टने पुण्यातल्याच ग्राहकासाठी गोव्यातल्या बंगल्याचा आराखडा केला, तर ठिकाण गोवा आणि कर आयजीएसटी. दोघंही एकाच गल्लीत राहत असले तरी. प्रशिक्षण देणाऱ्यांसाठीही छोटा अपवाद आहे: नोंदणी नसलेल्या माणसाला प्रशिक्षण दिलं तर जिथे वर्ग झाला ते ठिकाण.

खातं चुकलं तर? योग्य खात्यात पुन्हा भरायचं आणि चुकीच्या खात्यातले पैसे परत मागायचे. त्यावर व्याज लागत नाही, पण परतावा येईपर्यंत पैसे अडकतात.

पायरी ६: बिल आणि त्याची तारीख

काम पूर्ण झाल्यापासून ३० दिवसांत बिल करायचं. त्या मुदतीत केलं, तर कर लागू होण्याची तारीख म्हणजे बिलाची तारीख किंवा पैसे मिळाल्याची तारीख, यांतली आधीची. मुदत चुकली, तर बिलाच्या तारखेऐवजी काम पूर्ण झाल्याची तारीख धरतात.

काम २५ मार्चला संपलं. मार्चमध्येच बिल केलं, तर कर २० एप्रिलपर्यंत भरायचा. २ एप्रिलला केलं आणि त्याआधी पैसे आलेले नसतील, तर २० मेपर्यंत. दोन्ही कायदेशीर आहेत आणि मधे पूर्ण एक महिना मिळतो. ग्राहक चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी पैसे देणारा असेल, तर हा महिना मोलाचा आहे. काही जण आधी फक्त प्रोफॉर्मा, म्हणजे कच्चं बिल, पाठवतात आणि पैसे आल्यावर पक्कं बिल करतात. ३० दिवसांच्या आत पैसे आले तर त्यात वावगं नाही. पण प्रोफॉर्मा पाठवून तीन-तीन महिने थांबणं म्हणजे कर आणि त्यावरचं व्याज अंगावर ओढवून घेणं; प्रोफॉर्मा थांबला तरी तारीख थांबत नाही.

आगाऊ रक्कम घेतली, तर सेवांवर ती मिळाल्या दिवशीच कर लागतो. वस्तूंना यातून सूट आहे, सेवांना नाही. करासह २ लाख आगाऊ आले, तर त्यात ३०,५०८ रुपये कराचे. त्यासाठी पावती-व्हाउचर द्यायचं, जीएसटीआर-१ मध्ये दाखवायचं आणि पुढे पक्कं बिल झालं की ते त्यात वळतं करायचं. काम रद्द होऊन पैसे परत केले तर परतावा-व्हाउचर.

ग्राहकाने पैसेच दिले नाहीत तर काय, हा प्रश्न मला फार अस्वस्थ करतो. बुडीत फीवर भरलेला कर परत मिळण्याची सोय आपल्या कायद्यात नाही. क्रेडिट नोट, म्हणजे आधीच्या बिलाची रक्कम कमी करणारा कागद, फक्त मूल्य कमी झालं, कर जादा लागला किंवा सेवेत उणीव राहिली तर काढता येते, "पैसे आले नाहीत" म्हणून नाही. एकट्या व्यावसायिकावर हा नियम फार जड पडतो. पण तुमच्या हाती दोन गोष्टी आहेत. नोंदणीकृत ग्राहकाने बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पैसे दिले नाहीत, तर त्याने घेतलेलं क्रेडिट, म्हणजे त्या बिलावरचा वजा करून घेतलेला कर, त्याला व्याजासह परत करावं लागतं. पाचव्या महिन्यात ग्राहकाच्या हिशेब विभागाला याची आठवण करून देणारं साधं पत्र लिहा. आणि छोट्या उद्योगांसाठीची सरकारी उद्यम नोंदणी करून ठेवा: २००६ च्या कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगांना, सेवा देणाऱ्यांनाही, लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळायला हवेत, त्यानंतर चक्रवाढ व्याज मागता येतं.

बिलावर काय हवं ते थोडक्यात: तुमचं नाव, पत्ता आणि नोंदणी क्रमांक, सोळा अक्षरांपर्यंतचा सलग अनुक्रमांक, तारीख, ग्राहकाचा तपशील, सॅक कोड, मूल्य, कराचा दर आणि प्रत्येक कराची वेगळी रक्कम, पुरवठ्याचं ठिकाण आणि सही. ५ कोटींपर्यंत उलाढाल असेल, तर व्यवसायांना दिलेल्या बिलावर चार अंकी कोड पुरतो. ई-इन्व्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल, ५ कोटींवरच्या उलाढालीलाच लागतं.

कर वेगळ्या ओळीत दाखवल्याचा आणखी एक फायदा आहे. ग्राहक आयकराचा टीडीएस कापतो तो फक्त फीवर. फी १,००,०००, जीएसटी १८,०००, टीडीएस १० टक्क्यांनी १०,०००. हाती येतात १,०८,०००. टीडीएस १,१८,००० वर कापला गेला असेल, तर दुरुस्ती मागा. सरकारी विभागासाठी अडीच लाखांवरचं काम केलं, तर जीएसटी कायद्याखालीही २ टक्के कापले जातात. ते तुमच्या रोख खात्यात जमा होतात, पण पोर्टलवर जाऊन स्वीकारावे लागतात.

पायरी ७: खरेदीवरचा कर वजा करणं

तुमच्या नोंदणी क्रमांकाचं बिल हवं, सेवा किंवा वस्तू मिळालेली हवी आणि विक्रेत्याने ते बिल भरून तुमच्या जीएसटीआर-२बी मध्ये, म्हणजे पोर्टलवरच्या तुमच्या खरेदीच्या पत्रकात, दिसलेलं हवं. दिसत नसेल तर घेऊ नका, विक्रेत्याच्या मागे लागा. एखाद्या वर्षाचं राहिलेलं क्रेडिट पुढच्या ३० नोव्हेंबरपर्यंत किंवा वार्षिक विवरणपत्र भरेपर्यंत, यांत जे आधी, तोवरच घेता येतं.

तेरापर्यंत आसनांची गाडी, जेवण-खाण, क्लबचं सदस्यत्व, ऑफिसचं बांधकाम आणि घरगुती वापराच्या गोष्टी यांवरचा कर व्यावसायिकाला सहसा वजा मिळत नाही. केंद्राचं क्रेडिट राज्याच्या कराविरुद्ध किंवा उलट वापरता येत नाही. आयजीएसटीचं क्रेडिट मात्र आधी संपवायचं असतं आणि ते दोन्हीकडे चालतं.

मर्यादा ओलांडून नवी नोंदणी घेणाऱ्यांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. नोंदणीच्या आधी शिल्लक असलेल्या मालावरचं क्रेडिट मिळतं, पण यंत्रसामग्रीवरचं मिळत नाही. नोंदणीच्या आदल्या दिवशी घेतलेल्या लॅपटॉपचा कर गेला तो गेला. मोठी खरेदी डोक्यात असेल, तर आधी नोंदणी, मग खरेदी.

पायरी ८: रिव्हर्स चार्ज

कधी कधी सेवेवरचा कर ती देणाऱ्याने नाही, ती घेणाऱ्याने भरायचा असतो; यालाच रिव्हर्स चार्ज म्हणतात. नोंदणीकृत व्यावसायिकाला यातले तीन प्रसंग हमखास येतात. एक, वकिलाची फी. दोन, परदेशी कंपनीकडून घेतलेलं सॉफ्टवेअर किंवा क्लाउडची वर्गणी: तुम्ही नोंदणी क्रमांक दिला की ती कंपनी कर लावत नाही आणि १८ टक्के आयजीएसटी तुम्ही भरायचा असतो. तीन, ऑफिसचं भाडं. १० ऑक्टोबर २०२४ पासून, नोंदणी नसलेल्या मालकाकडून नोंदणीकृत व्यक्तीने व्यापारी जागा भाड्याने घेतली असेल, तर त्या भाड्यावरचा कर भाडेकरूने भरायचा आहे. कंपोझिशनवाल्यांना २०२५ मध्ये यातून वगळलं. गल्लीतल्या काकांकडून दहा हजारांत खोली घेऊन ऑफिस थाटलेल्या अनेकांना हे माहीतच नसतं.

हा कर क्रेडिटमधून भरता येत नाही, रोखच भरावा लागतो. भरल्यावर नेहमीच्या अटींत क्रेडिट मिळतं, म्हणजे बहुतेकांचं नुकसान होत नाही. पण न भरल्यास व्याज मात्र लागतं. मालकाची नोंदणी नसेल, तर स्वतःच्याच नावे बिल तयार करून ठेवायचं.

पायरी ९: परदेशी ग्राहक

सेवेची निर्यात शून्य दराची आहे. त्यासाठी तुम्ही भारतात, ग्राहक भारताबाहेर, पुरवठ्याचं ठिकाण भारताबाहेर आणि पैसे परकीय चलनात, किंवा रिझर्व्ह बँकेने परवानगी दिलेली असेल तिथे रुपयांत, यायला हवेत; शिवाय ग्राहक म्हणजे तुमचीच परदेशातली शाखा नसावी.

ठिकाणाची अट सर्वांत फसवी आहे. लंडनच्या ग्राहकासाठी घरी बसून वेबसाइट केली, तर ठिकाण लंडन आणि निर्यात झाली. त्याच ग्राहकाच्या मुंबईतल्या फ्लॅटची अंतर्गत सजावट केली, तर ठिकाण मुंबई, पैसे पौंडांत आले तरी कर लागणारच.

कर न लावता बिल करायचं असेल, तर दर आर्थिक वर्षाच्या सुरुवातीला पोर्टलवर आरएफडी-११ मध्ये हमीपत्र भरायचं, ज्याला सगळे एलयूटी म्हणतात. बिलावर तसा उल्लेख करायचा. पैसे बिलापासून एक वर्षात आले नाहीत, तर कर व्याजासह भरावा लागू शकतो. बँकेकडून किंवा पेमेंट कंपनीकडून परकीय रक्कम आल्याचं प्रमाणपत्र प्रत्येक व्यवहाराला घ्या, कारण न वापरलेल्या क्रेडिटचा परतावा मागताना ते लागतं. आणि लक्षात असू द्या: शून्य दराची उलाढालही २० लाखांत मोजली जाते.

पायरी १०: विवरणपत्रं

बिलांचा तपशील जीएसटीआर-१ मध्ये पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत, कराचा हिशेब आणि भरणा जीएसटीआर-३बी मध्ये २० तारखेपर्यंत. ५ कोटींपर्यंत उलाढाल असेल तर तिमाही पर्याय आहे: जीएसटीआर-१ तिमाहीनंतरच्या १३ तारखेला, ३बी महाराष्ट्रासाठी २२ तारखेला, आणि तिमाहीतल्या पहिल्या दोन महिन्यांचा कर पुढच्या महिन्याच्या २५ तारखेपर्यंत. ग्राहक कंपन्या असतील तर त्यांना क्रेडिट लवकर दिसावं म्हणून या पहिल्या दोन महिन्यांची बिलंही पुढच्या महिन्याच्या १३ तारखेपर्यंत चढवता येतात. ती चढवा, पेमेंट लवकर सुटतं. वार्षिक जीएसटीआर-९ मधून २ कोटींपर्यंतच्या उलाढालीला सूट मिळत आलेली आहे.

उशिराचं शुल्क दिवसाला ५० रुपये, काहीच व्यवहार नसेल तर २० रुपये, आणि थकलेल्या करावर वार्षिक १८ टक्के व्याज. काम बंद असलेल्या महिन्यातही कोरं विवरणपत्र भरायचंच. ते एसएमएसनेही भरता येतं.

नोकरी लागली किंवा व्यवसाय थांबला, तर नोंदणी रद्द करण्याचा अर्ज करा, ती तशीच पडू देऊ नका. रद्द झाल्यावर तीन महिन्यांत जीएसटीआर-१० हे अखेरचं विवरणपत्र भरायचं असतं आणि हाती असलेल्या यंत्रसामग्रीवर घेतलेलं क्रेडिट काही अंशी परत करायचं असतं. हिशेब ६० महिन्यांच्या आयुष्यावर होतो. पहिल्या उदाहरणातल्या डिझायनरने १४,४०० चं क्रेडिट घेतलं आणि दोन वर्षांनी नोंदणी बंद केली, तर उरलेल्या ३६ महिन्यांचे ८,६४० रुपये भरायचे. लॅपटॉप विकला असेल आणि विक्रीच्या किमतीवरचा कर त्याहून जास्त होत असेल, तर तो भरायचा. लॅपटॉपचं मूळ बिल आणि बाकीची सगळी दप्तरं त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपून ठेवावी लागतात, नोंदणी रद्द झाली असली तरी.